तेरेजेचे दोन चेहरे

संतांच्या तसबिरी हा आपल्याकडे समीक्षेचा विषय मानला जात नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, चर्चच्या नव्या इमारतीबद्दलही लोक दबक्या आवाजात का होईना मत देतात. पण ज्या तसबिरीपुढे आजीने मेणबत्ती लावली आणि आईने नवस बोलला, तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहणे पुष्कळांना अनादराचे वाटते. तरीही अशाच एका तसबिरीविषयी येथे लिहायचे आहे. ती तुमच्या घरी नसली तर शेजारच्या घरी असेल. तपकिरी झगा, त्यावर पांढरट अंगरखा, डोक्यावर काळे वस्त्र, छातीशी धरलेला क्रूस आणि त्यावरून ओसंडणारे गुलाब. चेहरा गोरा, नितळ, लांबट. डोळे मोठे आणि किंचित वर वळलेले. ओठांवर हसू म्हणावे तर हसू, न म्हणावे तर नुसतीच गोडी. ही बाळ येशूची संत तेरेजा, आपल्या माणसांची ‘छोटे फूल’. १९२५ साली तिला संतपद मिळाले, १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने ती मिशनकार्याची आश्रयदाती झाली आणि तेव्हापासून वसईपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत तिची तसबीर आणि तिचे नाव घरोघर पोहोचले.

हा चेहरा तेरेजेचा नाही. निदान, पूर्णपणे तिचा नाही.

फ्रान्समधील लिझ्यू गावच्या कार्मेल मठात तेरेजा ९ एप्रिल १८८८ रोजी दाखल झाली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने ती मरण पावली, तेव्हा चोविसाची. १८९४ साली तिची थोरली बहीण सेलिन त्याच मठात आली आणि येताना आपला कॅमेरा घेऊन आली. बंदिस्त मठात कॅमेरा ही त्या काळी नवलाचीच गोष्ट. वरिष्ठ भगिनींनी ती चालू दिली, हे आपले भाग्य. त्या कॅमेऱ्यामुळे एकोणिसाव्या शतकातील या संत स्त्रीची, बालपणीची धरून, चाळीसहून अधिक छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. कपडे धूत असलेली, गवत वाळवणाऱ्या भगिनींच्या घोळक्यात उभी असलेली, हातात जपमाळ घेतलेली तेरेजा त्यांत दिसते. पण तिच्या मृत्यूनंतर ती जगापुढे आली ती मुख्यतः या छायाचित्रांतून नव्हे. सेलिन चित्रकारही होती. तिने छायाचित्रांवरून बहिणीची चित्रे रंगवली, काही छायाचित्रांवर स्वतःच हात फिरवला आणि १९१२ साली तो गुलाबांचा पुतळाभर वर्षाव करणारा आराखडा काढला, ज्याच्या नकला पुढे कागदावर, काचेवर आणि प्लास्टरमध्ये जगभर गेल्या. मूळ छायाचित्रांचा संग्रह कार्मेलाइट संघातील फादर फ्रांस्वा द सँत-मारी यांनी १९६१ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. तोवर सेलिनला जाऊन दोन वर्षे झाली होती.

त्यापूर्वीही कुणकुण लागली नव्हती असे नाही. इंग्लंडमधील एक धर्मगुरू एतिएन रोबो यांनी १९५५ साली तेरेजेच्या ‘दोन चित्रां’विषयी एक पुस्तकच लिहिले आणि मठाने दिलेला चेहरा व कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा यांतील अंतराकडे बोट दाखवले. पुष्कळ भाविकांना ते रुचले नाही. रुचणार तरी कसे? ज्या चेहऱ्यापुढे आपण गुडघे टेकले तो सजवलेला आहे, हे ऐकायला कोणाला आवडते?

दोन्ही चेहरे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे काय बदलले ते समजते. छायाचित्रातील तेरेजेचा जबडा रुंद आहे, हनुवटी ठाम आहे. गाल भरलेले आहेत. नॉर्मंडीच्या शेतकऱ्याच्या घरात शोभतील असे. डोळे बारीक करून ती समोर पाहते आणि ओठांच्या कोपऱ्यात क्वचित एक खट्याळपणा दिसतो, जणू कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या बहिणीला ती काहीतरी बोलणार आहे आणि हलायची मनाई असल्यामुळे थांबली आहे. चित्रात जबडा निमुळता झाला, डोळे मोठे झाले, खट्याळपणा पुसला गेला आणि त्या जागी मार्दव आले. छायाचित्रातली बाई निर्धाराची वाटते. चित्रातली मुलगी कोणाला काही विचारणार नाही, कोणाला अडवणार नाही, असे वाटते.

सेलिनवर फसवणुकीचा आरोप करणे अन्यायाचे होईल. तिची बाजू ऐकण्यासारखी आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. तेरेजेचा चेहरा बोलका, क्षणाक्षणाला बदलणारा. तो असा ताणून धरला की निर्जीव होई. म्हणून अनेक छायाचित्रांतील उत्तम तेवढे निवडून केलेले चित्र हेच एका छायाचित्रापेक्षा खऱ्या तेरेजेच्या जवळ जाते, असे सेलिनला मनापासून वाटे. चित्रकलेच्या दृष्टीने हा युक्तिवाद टाकाऊ नाही. व्यक्तिचित्र रंगवणारा कोणताही कलावंत थोडेफार हेच करतो. प्रश्न आहे तो एवढाच की ‘उत्तम’ कशाला म्हणायचे हे कोणी ठरवले. सेलिनने ते बहिणीच्या चेहऱ्यावरून ठरवले नाही. त्या काळच्या फ्रान्समध्ये भाविकांसाठी जी गोड रंगीत चित्रे खपत असत, त्यांतल्या कुमारिका, देवदूत आणि हुतात्मा मुली जशा दिसत, तशी संत स्त्री दिसायला हवी हे आधीच ठरलेले होते. बहिणीचा चेहरा त्या साच्यात बसत नव्हता, म्हणून बसवला गेला. आणि हे तिच्यावर सर्वाधिक प्रेम करणाऱ्या व्यक्तीने केले, ही गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. बाईच्या रूपावर समाजाचा जो दाब असतो तो पुष्कळदा शत्रूच्या हातून येत नाही. तो आईच्या, मावशीच्या, थोरल्या बहिणीच्या हातून येतो. हातात कंगवा असतो, आणि वर ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे शब्द असतात.

चेहऱ्याचे जे झाले तेच लेखनाचेही झाले. तेरेजेचे आत्मकथन ‘एका आत्म्याची कथा’ तिच्या पहिल्या स्मृतिदिनी, १८९८ साली, दोन हजार प्रतींत निघाले. मोठी बहीण पॉलिन, म्हणजे मदर अ‍ॅग्नेस, हिने ते संपादित केले होते आणि ते करताना हजारो ठिकाणी शब्द बदलले, वाक्ये गाळली, तीन वेगवेगळ्या व्यक्तींसाठी लिहिलेला मजकूर एकाच व्यक्तीला उद्देशून लिहिल्यासारखा केला. तेरेजेने मरणापूर्वी तिला तशी मोकळीक दिली होती, हे नोंदवले पाहिजे. मूळ हस्तलिखिते १९५६ साली छापली गेली. पॉलिन १९५१ साली वारली होती. आधी शब्द मोकळे झाले, मग चेहरा. आणि दोन्ही वेळा आधी एका बहिणीला जावे लागले.

मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येणे साहजिक आहे. १९३४ ते १९३६ या काळात आलेल्या ‘स्मृतिचित्रे’तील बाई आपले अडाणीपण, आपली फजिती, रेव्हरंड टिळकांशी झालेल्या कुरबुरी जशाच्या तशा सांगून मोकळी होते. तिच्या भाषेला कोणी पावडर लावली नाही. घरच्या बोलण्यातले शब्द, घरच्या बोलण्यातला ठसका तसाच छापला गेला आणि म्हणूनच ते पुस्तक आजही हातात घेतले की खाली ठेववत नाही. पॉलिनसारखी काळजी घेणारी एखादी बहीण लक्ष्मीबाईंना असती तर मराठी गद्याचे केवढे नुकसान झाले असते, याचा विचारच केलेला बरा.

आता तेरेजेने स्वतः रूपाविषयी काय लिहिले ते पाहू, कारण मूळ हस्तलिखितातील हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. चरित्रकारांनी तिला इतके निरागस केले आहे की तिला आरशाची ओळखच नसावी असे वाटते. ती स्वतः तसे म्हणत नाही. अगदी लहान असताना एकदा बाहेर पाहुणे म्हणून जायचे होते. आईने तिला लेस लावलेला आकाशी झगा घालायला सांगितला, पण उन्हाने रापतील म्हणून हात झाकायला लावले. मुलगी गप्प राहिली, पण उघड्या हातांनी आपण अधिक छान दिसलो असतो असे तिला मनातून वाटत होते, हे ती वीस-बावीस वर्षांची झाल्यावर प्रांजळपणे लिहिते. (उन्हाने काळी पडशील ही धास्ती केवळ आपल्याच आयांना असते असे समजू नये. अलाँसाँच्या थंड हवेतही ती होती.) पुढे त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्यावर एका जोडप्याने वडिलांना विचारले, ही गोड मुलगी तुमची का? वडिलांनी खुणेने त्यांना थांबवले, मुलीपुढे तिच्या रूपाची स्तुती नको म्हणून. मुलीने ती ऐकलीच आणि तिला बरे वाटले. आपण सुंदर आहोत असे तिला तोवर वाटत नव्हते. आणखी पुढे, मादाम पापिनो यांच्याकडे शिकवणीला जात असता, पुस्तकात डोके घालून बसलेली ही मुलगी बैठकीत आलेल्या बायकांचे बोलणे टिपत असते. कोणीतरी तिच्या केसांचे कौतुक करते, कोणीतरी निघताना ही सुंदर मुलगी कोण म्हणून विचारते. आपल्याला ऐकवण्यासाठी न बोललेली ही स्तुती अधिकच गोड लागली, असे ती लिहिते आणि त्यात स्वतःचे आत्मप्रेम पकडते.

किती सूक्ष्म निरीक्षण आहे हे! दोन पिढ्यांच्या प्रवचनांनी जे सांगितले नसते ते येथे एका मुलीने सांगितले आहे. मुलीला आरसा लोक देतात. आपल्या रूपाची किंमत तिला आधी ठाऊक नसते. ती बैठकीतल्या कुजबुजीतून, वडिलांच्या खुणेतून, आईने ओढून खाली घेतलेल्या बाहीतून समजते. स्तुती न करण्याची एवढी खबरदारी घेणाऱ्या सज्जन घरातही मुलीला नेमके कळलेच. वडील खूण करून गप्प करतात म्हणजे रूप ही काहीतरी फार मोठी गोष्ट असली पाहिजे, हे पाच-सहा वर्षांच्या पोरीला समजायला किती वेळ लागणार?

केसांची गोष्टही पाहण्यासारखी आहे. चौदाव्या वर्षी मठात जाण्याची परवानगी मागायला ती बिशपांकडे गेली, तेव्हा वय थोडे अधिक दिसावे म्हणून तिने केस वर बांधले. पुरुषांच्या जगाला सामोरे जायचे तर वेणीफणीपासून सुरुवात करावी लागते, हे या साध्वीलाही चुकले नाही. १० जानेवारी १८८९ रोजी तिचा वेषग्रहणाचा विधी झाला. त्या दिवशी ती नवरीसारखी सजली होती. पांढऱ्या मखमलीचा झगा, त्याला हंसाच्या पिसांची किनार, अलाँसाँची लेस, खांद्यांवर मोकळे सोडलेले कुरळे केस; आणि बाहेर तिला हवा होता तसा बर्फ. मग तो झगा उतरला, कार्मेलचा जाडाभरडा वेष आला आणि केस गेले. ते केस घरच्यांनी जपले. लिझ्यू येथे ते आजही यात्रेकरूंना पाहायला मिळतात.

आपण मराठी माणसे बाईचे केस कापण्याच्या प्रसंगापाशी अडखळतो. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली. त्यातील यमूचे तिच्या मनाविरुद्ध केशवपन होते तो भाग वाचून महाराष्ट्राचे एक युग हादरले. तेरेजा आणि यमू या जवळजवळ समकालीन. तेरेजेने केस स्वखुशीने दिले आणि यमूचे ओरबाडून घेतले, हा फरक आकाशपाताळाचा आहे. तो पुसून दोघींना एका रांगेत बसवण्याचा वाह्यातपणा मी करणार नाही. पण हरिभाऊंना कळलेली एक गोष्ट आमच्या संतचरित्रकारांना कळलेली दिसत नाही. बाईच्या केसांचे काय व्हावे, हा प्रश्न तिच्या संमतीपाशी सुरू होतो. तेरेजेचा त्याग मोठा ठरतो तो केस सुंदर होते म्हणून नव्हे, तर तो तिचा होता म्हणून. मग मेल्यानंतर तिच्या संमतीवाचून तिच्या चेहऱ्याला जे देण्यात आले, त्याला काय म्हणायचे?

तिची संमती नव्हती असे मी म्हणतो ते अंदाजाने नव्हे. मठात तिने जे नाव घेतले ते अर्धेच आपल्या ओठांवर राहिले. पूर्ण नाव ‘बाळ येशूची आणि पवित्र मुखमंडलाची तेरेजा’ असे आहे. हे मुखमंडल म्हणजे दुःखसहनाच्या वेळचा, मारहाणीने विद्रूप झालेला प्रभूचा चेहरा. यशयाच्या ५३व्या अध्यायातील दुःखी सेवकाचे वर्णन तिच्या सगळ्या भक्तीचा पाया होते. ज्याच्याकडे पाहून डोळे सुखावू नयेत असा तो सेवक. ऑगस्ट १८९७ मध्ये, मरणाला दोन महिने उरले असताना, तिने बहिणीला सांगितले की, आपल्यालाही त्याच्यासारखे रूपाविना आणि कोणाच्या ओळखीविना राहावे असे वाटत आले आहे. हे शब्द टिपून ठेवणारी बहीण म्हणजे पॉलिनच. म्हणजे घरच्यांना ते ठाऊक होते. रूप नको म्हणणाऱ्या बाईला घरच्यांनी रूप दिले.

आणि येथे सेलिनच्या कलेतील जी विसंगती दिसते ती मला या सर्व प्रकरणाचे मर्म वाटते. १८९८ साली सेकोंदो पिया यांनी तुरीन येथील पवित्र कफनाचे पहिले छायाचित्र घेतले. सेलिनने पुढे त्या छायाचित्रावरून प्रभूचे मुखमंडल रंगवले. ते चित्र गाजले. त्यात तिने सुजलेला गाल सुजलेला ठेवला, जखमा जखमाच ठेवल्या, मिटलेले डोळे मोठे केले नाहीत. छायाचित्रात जे दिसते तेच सत्य, या निष्ठेने तिने महिनोन् महिने खपून ते काम केले. तोच हात, तीच भक्ती, तशीच छायाचित्राची आधारशिला. पुरुषाचा चेहरा, तो देवपुत्राचा का असेना, फुटलेला दाखवला तरी भक्तीला तडा जात नाही. बहिणीचा चेहरा मात्र नुसता रुंद होता. जखम नव्हती, व्रण नव्हता, जबडा तेवढा रुंद. तो सहन झाला नाही.

मराठीत ‘सोज्वळ’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. आपल्या पाक्षिका-साप्ताहिकांतील वधू पाहिजेच्या जाहिराती चाळाव्यात. ‘गोरी’ हा शब्द आता सुशिक्षितांना थोडा उघड वाटतो. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातून गोरेपण काढून ‘ग्लो’ घातले, तसे आपणही ‘गोरी’च्या जागी ‘सोज्वळ’ घातले. पण त्या शब्दाच्या पोटातच ‘उज्ज्वल’ बसला आहे, हे विसरून चालणार नाही. त्यात आणखीही बरेच काही बसले आहे. मंद आवाज, खाली नजर, बेताचे हसू, नीट विंचरलेले केस, न मळलेली साडी, आणि काहीही मनाविरुद्ध झाले तरी चेहऱ्यावर त्याचा पत्ता लागू न देण्याची कला. सुंदर दिसण्याची सक्ती निदान ओळखू येते; तिची जाहिरात होते, तिची नळी विकत मिळते. सोज्वळ दिसण्याची सक्ती ओळखू येत नाही, कारण ती सद्गुणाचा वेष घेऊन येते. तेरेजेच्या चित्रावर सेलिनने जो रंग दिला तो सौंदर्याचा नव्हता, सोज्वळतेचा होता. म्हणूनच साठ वर्षे कोणाला संशय आला नाही.

धर्मग्रामात राहणाऱ्या माणसाला हा रंग रोज दिसतो. नवरी उंबराच्या पाण्यानंतर धड झोपत नाही, कारण पहाटे चारला मेकअपवाली येणार असते. वेदीपुढे येते तेव्हा तिच्या आजीलाही तिला दोनदा पाहावे लागते. महिन्याच्या मिस्सासाठी कार्ड छापायचे असते, तेव्हा सत्तरीच्या मृत आईचा फोटो स्टुडिओत जातो आणि परत येतो तो सुरकुत्या गाळून, रंग दोन पायऱ्या उजळून. जिने उन्हातान्हात वाडीत राबून मुलांना शिकवले तिच्या चेहऱ्यावरून वाडीच पुसली जाते. आता तर त्यासाठी स्टुडिओही लागत नाही. मोबाइल फोनच चेहरा आपोआप नितळ करून देतो. पहिल्या कम्युनियनच्या मुलीसुद्धा तो हिशेब करून हसतात. विधवा बाईने ओठांना थोडा रंग लावला तर मागच्या बाकावर भुवया उंचावतात, आणि पन्नाशीच्या बाईने केस रंगवायचे सोडले तर ‘बरे नव्हते का हो?’ म्हणून विचारपूस होते. एकीने का केले आणि दुसरीने का केले नाही, दोन्हींचा जाब विचारणारे बाक तेच. त्याच बाकावर बसलेल्या पुरुषाचे पांढरे केस मात्र ‘भारदस्त’ ठरतात.

यात ख्रिस्तसभेच्या व्यासपीठाचा वाटाही लपवण्यात अर्थ नाही. इ. स. २००च्या सुमारास कार्थेज येथे तेर्तुलियन या लेखकाने स्त्रियांच्या नटण्यावर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याची लॅटिन शैली अशी धारदार की सेमिनरीत ती वाचताना आम्हा विद्यार्थ्यांना मौज वाटे. अर्थ मात्र मौजेचा नाही. दागिने, रंगवलेले केस, डोळ्यांतले काजळ यांवर कोरडे ओढून तो थांबत नाही. जिला निसर्गतःच रूप मिळाले आहे तिनेही ते झाकावे, दुर्लक्षाने मळू द्यावे, असे तो सुचवतो. पुढे तो स्वतः मोंतानुसच्या पाखंडाकडे गेला, पण त्याचा सूर आमच्या प्रवचनांतून गेला नाही. १९१७च्या धर्मसंहितेने स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असे कलमच घातले होते. १९८३च्या संहितेत ते उरले नाही. शतकानुशतके आपण बाईला सांगत आलो की नटू नकोस. मग एक बाई अशी निघाली की जिने हे अक्षरशः मानले. केस दिले, मखमल दिली, आरसा दिला, जाड्याभरड्या वस्त्रात नऊ वर्षे काढली आणि रूपाविना राहावे अशी इच्छा मरताना बोलून दाखवली. तिला आपण काय केले? नटवले. तिच्या तसबिरीपुढे उभे राहून मग इतर मुलींना सांगितले, नटू नका, हिच्यासारख्या व्हा.

तिच्या विचारांची थोरवी मात्र या सगळ्यातून तरली. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून जाहीर केले, आणि २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या विश्वासमार्गावर एक प्रेरितिक बोधपत्र लिहिले. धर्मपंडितांच्या मालिकेत अगुस्तीन आहेत, अक्विनास आहेत. त्यांच्या चित्रांत कोणी त्यांना गोड केलेले नाही. धर्मपंडिता झालेल्या तेरेजेचे मात्र तेच गुलाब, तेच वर वळलेले डोळे आपण आजही छापत आहोत. सेलिनच्या काळात निदान तिला दुसरे काही सुचले नाही असे म्हणता येईल. आपल्यापुढे मूळ छायाचित्रे साठ वर्षांहून अधिक काळ आहेत.

त्यातील एकाविषयी सांगून थांबतो. तारीख ७ जून १८९७. क्षय शेवटच्या टप्प्यावर आहे. तेरेजेच्या हातात बाळ येशूचे आणि पवित्र मुखमंडलाचे अशी दोन चित्रे आहेत. तिच्या नावाचे दोन्ही अर्धे. सेलिनला हवी तशी छबी येत नव्हती, म्हणून आजारी बहिणीला तीन वेळा तसेच निश्चल राहावे लागले, आणि मधे सेलिनचा धीर सुटला. त्याच दिवशी तेरेजेने तिला एक छोटी चिठ्ठी लिहिली. माणसांच्या डोळ्यांना जे मोठे दिसते त्याच्यामागे आपण कधी लागू नये, असे त्यात आहे. रागाचा मागमूस नाही. छायाचित्रातील चेहरा थकलेला आहे. डोळ्यांभोवती सूज आहे, ओठ मिटलेले आहेत, जबडा रुंद तो रुंदच. ती सरळ समोर पाहते. आमच्या धर्मग्रामात १ ऑक्टोबरच्या सणासाठी या वर्षी जी कार्डे छापायला दिली आहेत, त्यांवर हेच छायाचित्र आहे. छापखान्यातील मुलाने ते पाहून मला विचारले, ‘फादर, जरा उजळ करू का?’ तसेच ठेव म्हटले.